बलक विद्यार्थीच होता

डिसेंबरात एनएसएसची शिबिरं लागतील. कर्जत-खालापुरातली पोरं खराटे, घमेली घेऊन निघतील. निघावंच. पण लेण्यांकडे वळणार असाल तर आधी बलकाची ओळख करून घ्या.

राजमाचीच्या पायथ्याला, कोंदिवड्यावरून वर चढलं की कोंडाणे लेणी. वय दोन हजार वर्षांहून जास्त. चैत्याच्या दर्शनी भागात डाव्या हाताला एक भलीमोठी मूर्ती होती. आता ती फुटलीय, डोक्याचा थोडा भाग उरलाय. त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ आहे. अर्थ एवढाच, की कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. कार्ल्याला गेलात तर खांबांवर दान देणाऱ्यांची नावं दिसतील. इथे नाव आहे ते घडवणाऱ्याचं, आणि तोही कुणाचा तरी विद्यार्थी! मला तर आपल्या तालुक्यातला हा सगळ्यात मोठा मान वाटतो.

आता ही ओळ उघड्यावर आहे. पावसाळ्यात वरून धबधबा कोसळतो, शेवाळ चढतं, दगडाच्या फटीत झाडं रुजतात. त्यात आपली भर. फोटोत अक्षरं नीट यावीत म्हणून खडू फिरवायचा, शेवाळ काढायला तारेचा ब्रश, ॲसिड, नाहीतर साबणाची पावडर. हेतू चांगला असतो हो, पण ब्रशबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो. फटीतलं झाड उपटलं तर मुळाबरोबर दगडाचा तुकडा येतो. कोंडाणे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. नुकसान केलं तर कायद्याने २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे शिबिराच्या सरांनीही वाचावं.

मग पोरांनी करायचं काय? प्लास्टिक, बाटल्या उचला, हे आहेच. खरं काम नोंदीचं. अमेरिकेत १९८९ पासून ‘सेव्ह आउटडोअर स्कल्प्चर’ नावाच्या मोहिमेत स्वयंसेवकांनी देशभरातल्या हजारो उघड्या शिल्पांची पाहणी केली. मुख्य काम फॉर्म भरायचं: कुठे आहे, काय तुटलंय, पाणी कुठून मुरतं. आपल्याकडे मोबाइल आहेत. दरवर्षी त्याच जागेवरून, शिल्पाला हात न लावता, तोच फोटो काढा. तडा वाढला की कळेल, आणि पुरातत्त्व खात्याला अर्ज करताना हातात पुरावा असेल.

गावच्या वेशीवरच्या वीरगळांचंही तेच. शेंदूर खरवडू नका, तो गावाचा देव आहे. म्हाताऱ्यांना विचारून त्याचं नाव लिहून घ्या. ते कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही.

खालापुरात चावणीजवळ उंबरखिंडीचं स्मारक आहे, २ फेब्रुवारी १६६१ च्या लढाईचं. ते आपल्या काळातलं बांधकाम. परवानगी घेऊन तिथली डागडुजी होऊ शकते, तुटलं तर पुन्हा बांधता येईल. बलकाचं अक्षर पुन्हा कोण कोरणार?

कुठल्या कॉलेजचं शिबिर यंदा कोंदिवडे भागात आहे, कमेंटमध्ये सांगा. नोंदीचा साधा तक्ता मी करून देतो.