तेलवाल्या जहाजाला राखण किती?

मंडळी, युद्धाच्या बातम्या लावताना मी नेहमी बघतो, मथळा विमानवाहू जहाजाला मिळतो, त्याला तेल पाजणाऱ्या टँकरला नाही. ७ मे १९४२, कोरल समुद्र. अमेरिकेचा ‘निओशो’ टँकर लढाईपासून लांब, दक्षिणेला ठेवला होता. राखणीला एकच विनाशिका, ‘सिम्स’. जपानी टेहळणी विमानांना निओशोच विमानवाहू वाटला! ७८ विमानं धावून आली. सिम्स बुडाली. सात बॉम्ब लागूनही निओशो चार दिवस तरंगत राहिला. दोन्ही जहाजांवरचे वाचलेले १२३ जण उतरवून अमेरिकनांनीच तो बुडवला. पण त्याच्यासोबत ताफ्याचं तेलही गेलं. तेलाविना बलाढ्य आरमारसुद्धा जागचं हलत नाही. मग राखणीत टँकरच शेवटी का?