सागान ते पोझनान : पन्नास हवाई अधिकाऱ्यांचा घटनाक्रम

पोलंडमधल्या पोझनानच्या जुन्या लष्करी दफनभूमीत या पन्नासांपैकी ४८ हवाई अधिकाऱ्यांच्या अस्थी एकत्र आहेत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोलंड, नॉर्वे, लिथुआनिया... देश अनेक, मरण एकाच हुकमाचं.

२४ मार्च १९४४, संध्याकाळ. सागानची ‘स्टालाग लुफ्ट ३’ ही जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी. बराक १०४ मध्ये निवडलेले कैदी जमू लागतात. रॉजर बुशेलच्या नेतृत्वाखाली खणलेला ‘हॅरी’ बोगदा १०० मीटरहून लांब आहे. अमावास्येची रात्र, जमिनीवर बर्फ. मिनिटाला एक याप्रमाणे २०० जणांनी निसटायचं ठरलंय.

रात्री ९ नंतर. बाहेरच्या तोंडावरचं झाकण थंडीनं गोठून बसलंय. ते निघेपर्यंत दीड तास जातो.

१०.३०. पहिला माणूस डोकं वर काढतो. झाडी अजून पुढेच आहे आणि पहाऱ्याचा बुरूज जवळ! आता दोरीचा इशारा मिळाल्यावरच बाहेर पडायचं. तासाला जेमतेम दहा जण निघतात.

मध्यरात्र. हवाई हल्ल्यामुळे छावणीची वीज बंद होते. बोगद्यातले दिवेही त्याच विजेवर चालतात, तेही विझतात.

१ च्या सुमारास. बोगद्यात माती ढासळते. ती उपसून, आधार देऊन वाट पुन्हा मोकळी केली जाते.

पहाटे ४.५५. सत्त्याहत्तरावा माणूस पहारेकऱ्याच्या नजरेस पडतो. तोवर ७६ जण निसटलेले असतात.

पुढचे दिवस. दोन नॉर्वेजियन आणि एक डच सुखरूप निसटतात. ७३ जण पकडले जातात. सगळ्यांना गोळ्या घाला, असं हिटलर फर्मावतो. अखेर आकडा पन्नासवर ठरतो आणि बर्लिनमध्ये नावांची यादी तयार होते.

२९ मार्च. बुशेल आणि त्याचा फ्रेंच सोबती बर्नार्ड शायडहाउअर यांना गेस्टापो ठार करते. बाकीच्यांनाही असंच एकेकटं, दोघादोघांना किंवा लहान गटांत नेऊन मारलं जातं. कारण सांगितलं जातं : पुन्हा पळू पाहत होते.

१९२९ च्या जिनिव्हा करारानुसार पळून पकडल्या गेलेल्या युद्धकैद्याला जास्तीत जास्त ३० दिवसांची कैद देता येत होती. त्या करारावर जर्मनीची सही होती. १९४७ मध्ये हँबर्गच्या खटल्यात मारेकऱ्यांपैकी चौदा जणांना फाशीची शिक्षा झाली. पोझनानच्या या थडग्यांपुढे उभं राहणाऱ्यानं म्हणूनच ‘पळताना मेले’ असं म्हणू नये. ते निःशस्त्र होते, ताब्यात होते. त्यांचा खून झाला.