दुष्काळाचे उत्तर ध्रुवावर शोधणारा वैमानिक

साउदर्ली सुटली की क्राइस्टचर्च-डनेडिनकडची आपली मंडळी कपाटातले स्वेटर बाहेर काढतात. दक्षिणेकडच्या या वाऱ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, तर शेतकऱ्याला दुष्काळाची आगाऊ सूचना देता येईल, या एका कल्पनेचा एका माणसाने जन्मभर पाठपुरावा केला. ते म्हणजे सर ह्यूबर्ट विल्किन्स.

त्यांचा जन्म १८८८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील माउंट ब्रायन ईस्ट येथे झाला. शेतकऱ्याच्या तेरा मुलांतले ते शेंडेफळ. करपलेली शेते आणि तडफडून मरणारी जनावरे त्यांनी लहानपणीच पाहिली. १९७२चा दुष्काळ ज्यांनी सोसला, त्यांना याविषयी अधिक सांगायला नको.

तरुणपणी इंग्लंडमध्ये ते विमान उडवायला शिकले. १९१३ ते १९१६ या काळात स्टेफान्सन यांच्या कॅनेडियन मोहिमेबरोबर ते आर्क्टिकमध्ये राहिले. ध्रुवप्रदेशांत हवामानकेंद्रांची साखळी उभारावी, हा विचार तिथे पक्का झाला. पुढे पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन फ्लाइंग कोअरमध्ये ते अधिकारी झाले. पण काम मिळाले ते रणभूमीवर छायाचित्रे घेण्याचे. त्यातल्या शौर्याबद्दल त्यांना दोनदा मिलिटरी क्रॉस मिळाला.

एप्रिल १९२८ मध्ये वैमानिक आयल्सन यांच्यासह त्यांनी अलास्कातून स्पिट्सबर्गनपर्यंत, वीस तासांहून अधिक वेळ, आर्क्टिक ओलांडणारे उड्डाण केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते अंटार्क्टिकावरून उडाले. ग्रॅहम लँडचा भूभाग खाड्यांनी तुटलेला आहे, असे त्यांना वरून दिसले. १९३४-३७च्या ब्रिटिश मोहिमेने मात्र प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन तो सलग असल्याचे सिद्ध केले. धावत्या नजरेने ध्रुव कळत नाही. तिथे मुक्काम ठोकून रोजची नोंद ठेवावी लागते. विल्किन्स यांचा केंद्रांचा आग्रह त्यासाठीच होता.

डिसेंबर १९३३ मध्ये ते आपल्या डनेडिन बंदरातून निघाले. एल्सवर्थ या धनिकाच्या मोहिमेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. परंतु जानेवारीत बे ऑफ व्हेल्स येथे विमानाखालचा बर्फच फुटला आणि मोडके विमान घेऊन जहाज डनेडिनला परतले. एल्सवर्थ यांनी १९३५ साली अंटार्क्टिका ओलांडले खरे, पण कायमची केंद्रे चालवणे एकट्या धनिकाच्या आवाक्यातले नव्हते. त्याला सरकारेच हवी होती.

ती १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात पुढे आली. बारा देशांनी अंटार्क्टिकावर काम केले. न्यूझीलंडचा स्कॉट बेस १९५७ सालचाच. तिथल्या तापमानाच्या नोंदी तेव्हापासून चालू आहेत. हे वर्ष संपायला महिना उरला असताना, ३० नोव्हेंबर १९५८ रोजी, विल्किन्स वारले. त्यांच्या अस्थी अमेरिकन पाणबुडी 'स्केट'ने उत्तर ध्रुवावर नेल्या.

त्यांचे म्हणणे खरे ठरले का? अर्धेच. याच दुष्काळाच्या चिंतेतून भारतीय हवामानखात्यातले गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील वायुदाबाच्या झोक्याचा माग काढला होता, आणि मान्सूनशी त्याचे नाते अधिक जवळचे निघाले. तरीही ध्रुवांकडच्या नोंदींशिवाय जगाच्या हवेचे चित्र आज पुरे होत नाही. अंटार्क्टिकावर भारताची मैत्री आणि भारती ही केंद्रे आहेत, आणि त्यांचा कारभार चालतो तो गोव्यातल्या वास्कोहून. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचे स्वप्न असे आपल्या कोकणकिनाऱ्यापर्यंत येऊन पोचले आहे.