घरातला कारखाना

गेल्या चैत्रात आमच्या घरातली एक खोली रिकामी झाली. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि त्याचा पलंगही त्याच्याबरोबर टेम्पोतून गेला. मागे राहिली नऊ फूट बाय दहा फुटांची जागा, पश्चिमेच्या भिंतीवरची ओल आणि खिळ्याला अडकवलेले एक जुने दप्तर. दोन दिवसांत त्या जागेला तीन दावेदार झाले. सासूबाईंना तिथे देवघर हवे होते. ह्यांचे म्हणणे, पाहुण्यांसाठी एक खोली असू द्यावी. तिसरी दावेदार मी. एकवीस वर्षे मी जेवणाच्या टेबलावर इतिहास लिहीत आले आहे. रात्रीची भांडी घासून झाली की टेबल पुसायचे, मोडी कागदांच्या नकला मांडायच्या आणि सकाळच्या चहाच्या आत सगळे उचलून कपाटावर ठेवायचे. मी इतिहासाची पदवीधर नाही. एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि मोडी पुस्तकावरून शिकले. त्यामुळे ‘माझे काम’ हा शब्द घरात उच्चारताना आजही मी थोडी अडखळते.

खोली मला मिळाली, पण खर्च आटोपशीर हवा या अटीवर. हिशेब देते. जुन्या लाकडाच्या वखारीतून वाड्याचा एक सागवानी दरवाजा १,८०० रुपयांना आणला आणि विटांच्या दोन खांबांवर आडवा टाकला. झाले टेबल. लोखंडी अँगलची मांडणी २,४००, जुनी खुर्ची ९००, ट्यूब ३५०, रंग १,१००, वायरमनची मजुरी ४५०. एकूण ७,०००. विटा गच्चीवर पडून होत्या, त्या फुकट. मांडणी ओलीच्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली आणि बस्त्यांत वेखंडाचे तुकडे घातले. नाशिकचा पाऊस कागदाला सोडत नाही.

दरवाज्याच्या फळीवर हात फिरवताना प्रश्न पडला तो असा. आपल्याकडे घरात काम करण्याची जागा कशी होती आणि ती कोणाकडून घेतलेली असे?

जुन्या वाड्यात खोल्या माणसांच्या नावाने ओळखल्या जात नसत. ओसरी, पडवी, माजघर, कोठी, माडी, बाळंतिणीची खोली ही सगळी कामांची नावे. रिकामी खोली हा प्रकारच नव्हता. लिहिण्याचे काम ओसरीवर चाले. जुन्या नाशकातल्या आमच्या घरी आजोबा एका सावकाराकडची खतावणी घरी आणत आणि उतरत्या झाकणाच्या लाकडी पेटीपुढे मांडी घालून बसत. त्या पेटीला सगळे डेस्क म्हणत. डेस्क उचलले की कचेरी संपली आणि ओसरी पुन्हा ओसरी झाली. आजीचाही हिशेब असे, दुधाचा. तो ती कोळशाने चुलीमागच्या भिंतीवर मांडी. दिवाळीपूर्वी घर सारवले-रंगवले की तो पुसला जाई. आजोबांच्या खतावण्या मात्र राहिल्या. त्यांतल्या दोन आज माझ्या मांडणीवर आहेत.

गावोगावच्या कुलकर्ण्यांचे दप्तर असेच घरी असे, रुमालांत बांधून माळ्यावर किंवा कोठीत. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत मजल गेली, त्यामागे अशा घरांचे उंबरे झिजवणे होते. आमच्या नाशिक-त्र्यंबकात याहून चिवट उदाहरण आहे. इथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळ्या. यजमानाचे आडनाव आणि गाव सांगितले की उपाध्ये आतून वही आणतात आणि आपल्या पणजोबाची सही समोर येते. पिढ्यान्पिढ्यांचे एवढे मोठे दप्तर राहत्या घरांनी सांभाळले. तिकडे येवल्यात पैठणी विणणाऱ्याच्या घरी समोरच्या खोलीत खड्डामाग असे. पाय खड्ड्यात, हात मागावर. घरातल्या बाया कांड्या भरून देत. साडी विणणाऱ्याची मानली गेली, कांड्या भरणारीची नाही.

मात्र घराचा कारखाना करण्याची सर्वांत धाडसी गोष्ट आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाची आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. जे. जे. स्कूल, बडोद्याचे कलाभवन, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, मग छपाईचा धंदा आणि भागीदाराशी मतभेद. चाळिशी उलटत असताना ते मोकळे झाले. त्याच सुमारास त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवांचे चित्रपट का होऊ नयेत हा ध्यास घेतला. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी ही हकीकत स्वतः लिहिली. तेव्हा ते चर्नी रोडला इस्माईल बिल्डिंगमध्ये राहत. खेळण्यातला कॅमेरा, फिल्मचे तुकडे, भिंग आणि मेणबत्ती एवढ्यावर रात्री भिंतीवर चित्रे पाडण्याचे प्रयोग चालत. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थशी घालून दिली. हेपवर्थच्या वॉल्टनच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले आणि ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. पौंडाला पंधरा रुपये या त्या वेळच्या भावाने साडेसातशे रुपये होतात. परतल्यावर प्रश्न उभा राहिला तो जागेचा. इस्माईल बिल्डिंग पुरणार नव्हती. ते दादरच्या मुख्य रस्त्यावरच्या मथुरा भवनात राहायला गेले. त्याच रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. आवारात काचेची एक छोटी खोली बांधली, घरात एक अंधारी खोली केली. मे महिन्यात यंत्रे येऊन पोहोचली. स्टुडिओ म्हणून काय होते ते एवढेच. बाकी राहते घर.

पैसा उभा करायचा तर आधी काहीतरी दाखवायला हवे. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ एकेक चौकट टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ या मिनिटभराच्या चित्राने त्यांना कर्ज मिळाले. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर एका मिनिटाला ९६० चौकटी होतात. मला या आकड्यापेक्षा त्या कुंडीची चिंता वाटते. मुलाबाळांच्या घरात महिनाभर तिला कोणाचा धक्का लागू नये, हे कोणी पाहिले असेल?

उत्तर शोधावे लागत नाही. त्या काळी कच्ची फिल्म कडेला छिद्रे नसलेली येई. ती घरी यंत्रावर पाडायची, तीही अंधारात. सरस्वतीबाई हे काम शिकल्या आणि रात्री करू लागल्या. फिल्म धुण्याची रसायनेही त्या हाताळत. दिवसा मंडळींचा स्वयंपाक, आणि चित्रीकरणात उन्हाचा कवडसा वळवायला पांढरी चादर धरून तासन्‌तास उभे राहणे. अंगावरचे दागिनेही गेले.

माझी नोकरी हिशेबाची, म्हणून एक बेरीज केली. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. फुटाला सोळा चौकटी, चौकटीला प्रत्येक बाजूस चार छिद्रे, म्हणजे फुटाला १२८. एकूण ४,७३,६०० छिद्रे. यंत्राच्या एका दाबात एकाहून अधिक छिद्रे पडत असतील हे खरे, पण वाया गेलेली फिल्म आणि प्रतींसाठी लागणारी फिल्म यात धरलेली नाही. पावणेपाच लाख छिद्रे. ती नसती तर फिल्म दातऱ्यावर सरकली नसती आणि हरिश्चंद्र जागचा हलला नसता.

चित्रपट सहा महिने सत्तावीस दिवसांत पुरा झाला. तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. रोहिदासासाठी फाळक्यांचा मुलगा भालचंद्र होताच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये खेळ सुरू झाले. आपण या तारखेपासून भारतीय चित्रपटाचे वय मोजतो. एका संसाराच्या घरातून तो बाहेर पडला, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. संसार त्या काळात कुठे झोपत होता, हे विचारत नाही.

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला आणले. नदी, घाट, देवळे, डोंगर, सगळे हाताशी होते. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, नंतर १९१७ चा ‘लंकादहन’ इथले. इथे आवार प्रशस्त मिळाले, पण घर आणि काम यांच्यामध्ये भिंत उभी राहिली नाहीच. मंडळी तिथेच राहत, तिथेच जेवत. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. तोवर १९१८ साली भांडवलदार भागीदार येऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली होती. खटके उडाले, फाळके काशीला निघून गेले, पुन्हा परतले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकलाच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे मोठे स्मारक आहे. सुटीच्या दिवशी तिथे मुले कारंज्यांसाठी जातात.

काटकसरीच्या कामाच्या गोष्टी वाचताना मी आता एक सवय लावून घेतली आहे. ‘घरच्या घरी केले’ असे वाक्य आले की खाली पेन्सिलीने रेघ मारायची. त्या वाक्यात भाडे नसते, मजुरी नसते, रात्रीचे जागरण नसते. माझ्या ७,००० रुपयांतही ते नाही. दरवाजा वखारीतून आणून तिसऱ्या मजल्यावर ह्यांनी आणि शेजारच्या मुलाने चढवला. मी लिहीत बसते तेव्हा सासूबाई, वय वर्षे ब्याऐंशी, दुपारचा चहा स्वतः करून घेतात आणि मलाही देतात. त्यांचे देवघर अजून स्वयंपाकघराच्या कोनाड्यातच आहे. आजी हिशेब मांडी तिच्या घरचा कोनाडाही असाच होता.

मुलाचा परवा फोन आला. लक्ष्मीपूजनाला येतोय, तीन दिवस राहीन म्हणाला. त्याची गादी टेबल आणि मांडणी यांच्यामध्ये बरोबर बसते, मी टेपने मोजून पाहिले. फक्त वरच्या फळीवरचा लाल रुमाल हलवू नकोस, एवढे त्याला सांगितले आहे. देवघरासाठी पूर्वेच्या भिंतीला दोन फुटांची फळी ठोकायची आहे. सुतार सोमवारी यायचा आहे.