डोक्यावरची तार आणि पायाखालची तार

बालाघाटच्या बाजारपेठेत, काली पुतली चौकात किंवा हनुमान चौकात उभे राहून मान वर केली, म्हणजे आकाशाच्या आधी तारा दिसतात. विजेच्या तारा, टेलिफोनच्या राहून गेलेल्या तारा, दूरचित्रवाणीच्या आणि इंटरनेटच्या काळ्या केबली यांचे जाळे खांबाखांबांवरून लोंबत असते. गणेशविसर्जनाची किंवा दुर्गेची उंच मूर्ती निघाली की एखादा मनुष्य लांब बांबू घेऊन पुढे चालतो आणि तारा वर उचलून धरतो. हे काम किती धोक्याचे आहे, याचा विचार मिरवणुकीच्या उत्साहात कोणी करीत नाही. या तारा जमिनीखाली का घालीत नाहीत, असा प्रश्न मग दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच.

प्रश्न नवा वाटतो, पण तो विजेच्या दिव्याहूनही जुना आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी 1839 मध्ये बांबूंवर तार ताणून संदेश पाठविण्याचा प्रयोग केला. पुढे 1851 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली कामाची तारवाट झाली, तेव्हा तिचा काही भाग त्यांनी जमिनीत पुरला. लोखंडी सळईला डांबरात भिजविलेले कापड गुंडाळावयाचे, ती घरावरच्या कौलांच्या पन्हळीत ठेवावयाची आणि भोवती राळ व वाळू यांचे वितळलेले मिश्रण ओतावयाचे, अशी ती कृती होती. आजच्या केबलीची ही आजीच म्हणावयास हरकत नाही. परंतु देश मोठा आणि घाई मोठी. कलकत्त्याहून आग्रा, मुंबई व मद्रास येथवर तार न्यावयाची ठरली, तेव्हा चर खणीत बसण्यास सवड नव्हती. खांब उभे राहिले, तारा वर गेल्या आणि 1855 पासून सर्व लोकांना पैसे भरून तार पाठविता येऊ लागली. स्वस्त व लवकर होणारे काम वरून जाते, महाग व टिकाऊ काम खालून जाते, ही विभागणी तेव्हाच पडली.

तारायंत्राची वीज अगदी मंद. ती कोणाचा जीव घेत नसे. दिव्याची वीज आली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. न्यूयॉर्क शहरात एडिसन यांनी 4 सप्टेंबर 1882 रोजी पर्ल स्ट्रीट येथील आपले वीजगृह सुरू केले, ते पहिल्यापासून रस्त्याखालून वाहिन्या नेऊन. तांब्याच्या कांबी लोखंडी नळ्यांत घालून त्यांच्याभोवती डांबरी लेप भरलेला होता. इतर कंपन्यांनी मात्र ही तोशीस घेतली नाही. तार, टेलिफोन आणि कमानदिवे यांच्या वाहिन्या एकाच खांबावर थरावर थर चढत गेल्या. तारा जमिनीखाली घालाव्यात असा कायदा 1884 मध्ये झाला, पण कंपन्या न्यायालयात गेल्या आणि खांब जागीच राहिले. मार्च 1888 मधील हिमवादळाने ते मोडून पाडले. तरीही पुन्हा तेच उभारण्यात आले.

11 ऑक्टोबर 1889 रोजी भर दुपारी जॉन फीक्स नावाचा तारायंत्र कंपनीचा लाइनमन जुन्या, निरुपयोगी तारा कापण्यासाठी खांबावर चढला. त्यातल्या एखाद्या तारेत दूर कोठेतरी दिव्याची वीज शिरलेली होती. रस्त्यावर जमलेल्या शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचा देह त्या जाळ्यात अर्ध्या तासाहून अधिक वेळ अडकून राहिला. जे काम पाच वर्षे कायद्याला झाले नाही, ते त्या दुपारी झाले. न्यायालयातील अडथळे दूर होताच त्याच वर्षाच्या डिसेंबरात महापौर ह्यू ग्रँट यांनी कामगार पाठवून खांब तोडावयास लावले. शहरे शहाणी होतात, परंतु बहुधा कोणीतरी प्राण दिल्यानंतर.

मुंबईचा इतिहास याहून शांत आहे. मराठी वाचकांनी तो आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. परंतु ते लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. त्यानंतर 1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम धावली आणि तिच्यासाठी रस्त्यावर उघडी तार ताणावी लागली, कारण धावत्या गाडीला वीज द्यावयाची तर ती वरूनच सोयीची. घरोघरचा पुरवठा मात्र शहराच्या बेटात रस्त्याखालून गेला. कागदाचे वेष्टन, त्यावर शिशाचे कवच, त्यावर पोलादी पट्टी, असे ते केबलीचे अंग. चार-चार मजली चाळींच्या अरुंद बोळांतून उघडी तार नेणे म्हणजे प्रत्येक सज्जापाशी मृत्यू टांगून ठेवणे झाले असते. 1947 च्या ऑगस्टात हा कारभार महानगरपालिकेकडे आला, 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम धावली आणि पुढे 1971 मध्ये ट्रॉलीबसही बंद झाली. मग कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या भागात रस्त्यावरची उघडी विजेची तार जवळजवळ दिसेनाशीच झाली. गिरगावातील गणपतीपुढे बांबू घेऊन चालण्याचे काम त्यामुळे पुष्कळच हलके झाले. मुंबईकराला हे इतके अंगवळणी पडले आहे, की आपल्या पायाखाली काय आहे याची त्याला जाणीवही नसते.

मग बालाघाटात तसेच का होऊ नये? याचे उत्तर खर्चात आहे, पण केवळ खर्चात नाही. उघडी तार हवेने थंड होते आणि हवाच तिचे वेष्टन असते. ही दोन्ही कामे फुकट होतात. तीच तार जमिनीत घातली, की वेष्टन विकत घ्यावे लागते आणि उष्णता मातीत जिरेल अशी सोय करावी लागते. म्हणून भूमिगत वाहिनीचा खर्च कित्येक पट होतो. तिच्यात बिघाड क्वचित होतो हे खरे. पण झाला म्हणजे तो शोधण्यास उपकरणे, खणण्यास माणसे आणि सांधा जोडण्यास कसबी कारागीर लागतो. खांबावरची तुटलेली तार लाइनमन तासाभरात जोडतो. पुरलेल्या केबलीला दिवस लागू शकतो. पावसाळ्यात पाणी तुंबले, तर पदपथावरच्या पेट्यांत ते शिरण्याची भीती असते आणि पुरवठा बंद ठेवावा लागतो. वाराणसीच्या जुन्या वस्तीत 2015 नंतर सुमारे 16 चौरस किलोमीटर भागात हे काम करण्यात आले, तेव्हा खणताना पाण्याच्या, गटाराच्या आणि टेलिफोनच्या जुन्या वाहिन्या पदोपदी आडव्या येत होत्या. काशीच्या गल्ल्यांत जे साधले ते बालाघाटच्या बाजारात साधणार नाही, असे म्हणता येत नाही. मात्र खणण्यापूर्वी खाली काय आहे याचा नकाशा हाती असावा लागतो, आणि आपल्या बहुतेक नगरपालिकांपाशी तोच नसतो.

कोकणात वाऱ्याने हा प्रश्न निकडीचा केला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, खांब आडवे झाले आणि गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अलिबाग शहरात जागतिक बँकेच्या साहाय्याने भूमिगत वाहिन्यांचे काम हाती घेण्यात आले, ते अशाच संकटांचा विचार करून. बालाघाटला समुद्र नाही. पण वैनगंगेच्या खोऱ्यातला पाऊस आहे, वळवाचा वारा आहे आणि रस्त्याकडेची जुनी झाडे आहेत. तारा मोकळ्या राहाव्यात म्हणून दरवर्षी या झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. खांबावर चढून ती छाटणी करणाऱ्याच्या पोटापाण्याचा आणि प्राणाचा हिशेब केबलीच्या अंदाजपत्रकात क्वचितच मांडला जातो. तो मांडला, तर महाग काय आणि स्वस्त काय याचा निवाडा थोडा बदलेल.

जिल्ह्याचा विचार केला, तर गोष्ट शहराच्या वेशीपाशी संपत नाही. बालाघाट व मंडला यांच्या जंगलपट्ट्यात उघड्या तारेवर आकडा टाकून जमिनीलगत दुसरी तार पसरतात आणि तिच्या धक्क्याने रानडुकराची शिकार करतात. त्यात वाघही मरतात आणि माणसेही. जेथे तार वेष्टनात असते, तेथे आकडा टाकणे अवघड होते. मैलोगणती जंगलात चर खणणे शक्य नसले, तरी वेष्टन चढविलेल्या तारांची एकत्र जुडी खांबांवरून नेण्याचा मधला मार्ग आहे. तो अनेक गावांत स्वीकारलाही गेला आहे. दिसावयास ती जुडी काही सुंदर नाही, पण ती हात लावणाऱ्याला तेथल्या तेथे मारीत नाही.

मधल्या मार्गाची गरज न्यायालयालाही भासली. माळढोक पक्षी तारांवर आदळून मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 19 एप्रिल 2021 रोजी राजस्थान-गुजरातमधील त्याच्या अधिवासात जेथे शक्य असेल तेथे तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. 21 मार्च 2024 रोजी त्याच न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलला आणि कोठे खाली न्यावयाच्या व कोठे वर ठेवावयाच्या, हे ठरविण्याचे काम तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविले.

बालाघाट आणि गोंदिया यांच्या धानाच्या बांध्यांत माळढोक नाही, सारस आहे. माणसाएवढा उंच हा पक्षी जोडीने राहतो; पंख जड असल्यामुळे समोर आलेली तार त्याला ऐन वेळी चुकविता येत नाही. वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठी वीजवाहिन्यांनी सारस मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तेथे तारेवर चकाकणाऱ्या, वाऱ्याने फिरणाऱ्या चकत्या टांगणे हा एक उपाय आहे. दुसरा उपाय म्हणजे जेथे जोड्या दरवर्षी घरटे करतात, तेवढ्याच तुकड्यात केबल पुरणे. धानाच्या बांधीत चर खणणे बाजारात खणण्यापेक्षा सोपे असते. फक्त ते पेरणीच्या आधी व्हावे लागते.