जहाज नसलेली समुद्रशाळा

खाऱ्या पाण्याची ओळख अकोल्याच्या माणसाला करून द्यायला नको. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली की खारे पाणीच लागते. समुद्र मात्र आपल्यापासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. मग समुद्राच्या अभ्यासाशी वऱ्हाडाचा संबंध काय, असे कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो थेट पेरणीशी आहे. मृग कोरडा गेला की आपण आभाळाकडे पाहतो. पण ते आभाळ भरते समुद्रावर.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्याकडे मत्स्यशास्त्रज्ञ होते, हवामानाच्या नोंदी ठेवणारे होते. पण समुद्राचे पाणी, तळ, प्रवाह आणि जीव यांचा एकत्र विचार शिकवणारी शाळा जवळजवळ नव्हती. तिची सुरुवात वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात झाली. १९५२ मध्ये अमेरिकेतील समुद्रशास्त्रज्ञ यूजीन लाफॉण्ड तेथे पाहुणे प्राध्यापक म्हणून आले. विद्यापीठाकडे जहाज नव्हते. नौदलाच्या जहाजांवरून प्राध्यापक आणि विद्यार्थी बंगालच्या उपसागरात जात, पाण्याचे नमुने घेत, तळाची खोली मोजत. त्या मोजणीत समुद्राखालच्या खोल घळी सापडल्या. त्यांतल्या एकीला विद्यापीठाचे, दुसरीला कुलगुरू कृष्णा यांचे, तर तिसरीला भूशास्त्राचे प्राध्यापक महादेवन यांचे नाव मिळाले.

पुढचे पाऊल फार मोठे होते. हिंदी महासागर हा जगातला सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर समजला जाई. वाऱ्याबरोबर वर्षातून दोनदा दिशा बदलणारे प्रवाह हे त्याचे वैशिष्ट्य. १९६० ते १९६५ या काळात डझनभराहून अधिक देशांची सुमारे चाळीस जहाजे या महासागरात उतरली. भारताकडून नौदलाची ‘किस्तना’ होती. कोचीला सागरी जीवांचे नमुने निवडण्याचे केंद्र निघाले. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत जहाजांकडून आणि किनाऱ्यांवरून येणाऱ्या हवामानाच्या नोंदी जमू लागल्या.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न तिथेच ऐरणीवर आला : पावसाचे पाणी येते कुठून? डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी १९६५ मध्ये हिशोब मांडला, की मान्सूनच्या वाफेचा मोठा वाटा अरबी समुद्रच देतो. पुढे काहींनी तो खोडून काढला. वाफ विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून येते, असे त्यांचे म्हणणे. आज दोन्ही वाटे मानले जातात. पण वाद नोंदींच्या आधारे होऊ लागला, हे त्या मोहिमेचे देणे.

मोहीम संपली. परदेशी जहाजे परत गेली. जमलेली माहिती आणि तयार झालेली तरुण माणसे यांचे काय करायचे? त्याचे उत्तर म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. आरंभी दिल्लीत असलेली ही संस्था पुढे गोव्यात आली आणि दोना पावलाला स्थिरावली. गंमत अशी, की समुद्राच्या या संस्थेलाही पहिली दहा वर्षे स्वतःचे जहाज नव्हते. १९७६ मध्ये ‘गवेषणी’ मिळाली, तीसुद्धा गाळ वाहून नेणाऱ्या बार्जचे रूपांतर करून. कोलकात्याच्या गोदीत तिचा कायापालट झाला होता.

त्याच ‘गवेषणी’ने २६ जानेवारी १९८१ रोजी महासागराच्या तळातून मॅंगनीज, निकेल, तांबे असलेले धातूंचे गोळे वर काढले. त्याच वर्षी डिसेंबरात संस्थेचे माजी संचालक डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातले दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र धातूंच्या शोधासाठी भारताला मिळाले.

हे सारे मोठेच. पण मला महत्त्व वाटते ते आधीच्या दिवसांचे. जहाज येईल मग शिकू, असे त्या माणसांनी म्हटले नाही. मागून आणलेल्या जहाजांवर त्यांनी बाटल्या भरल्या, तापमान लिहिले, वह्या जपल्या. आज पावसाचा अंदाज बांधताना समुद्राच्या तापमानाचा हिशोब घेतला जातो. आपल्या तिफणीमागे त्या वह्याही उभ्या आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)