'वुदरिंग हाइट्स'चा माळ : रंगमंचावर आणि कवितेत

एमिली ब्राँटे हिची 'वुदरिंग हाइट्स' ही एकमेव कादंबरी डिसेंबर १८४७ मध्ये 'एलिस बेल' या टोपणनावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर वर्षभरातच, १९ डिसेंबर १८४८ रोजी, क्षयाने तिचे निधन झाले. तेव्हा ती अवघ्या तीस वर्षांची होती. कादंबरीची पुढची कीर्ती तिला पाहता आली नाही. या पुस्तकाने नंतरच्या कलावंतांना हीथक्लिफ आणि कॅथरीन यांच्या विनाशकारी प्रेमाची कथा तर दिलीच. शिवाय उत्तर इंग्लंडमधील एक उजाड माळही दिला.

यॉर्कशायर परगण्यातील हॉवर्थ हे ब्राँटे कुटुंबाचे गाव. गावामागे वृक्षहीन, ओलसर डोंगरपठारे पसरली आहेत. इंग्रजीत त्यांना 'मूर' म्हणतात. कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर आणि त्यावर वाढणारी हेदरची झुडपे हे त्यांचे रूप. कादंबरीच्या नावातील 'वुदरिंग' हा शब्दही तिथल्या बोलीतला; वादळी वाऱ्याचा घोंघावता जोर तो सुचवतो. तरीही या माळाची सविस्तर वर्णने पुस्तकात फारशी नाहीत. तो जाणवतो तो हवामानातून, वाट चुकण्याच्या भीतीतून आणि पात्रांच्या बोलण्यातून. ही मोकळी राहिलेली जागा नाटककार आणि कवी यांनी आपापल्या परीने भरली.

रंगमंचावरील वारा

संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी या कादंबरीवरील ऑपेरा १९५१ मध्ये पूर्ण केला. पण १९७५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तो रंगमंचावर आला नाही. अमेरिकेतील पोर्टलंड येथे १९८२ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. दरम्यान कार्लाइल फ्लॉइड यांचा ऑपेरा १९५८ मध्ये सांता फे येथे सादर झाला होता. दोन्ही ऑपेरा कॅथरीनच्या मृत्यूपाशी थांबतात. पुढच्या पिढीची कथा त्यांनी वगळली आहे. २००२ मध्ये 'नॉर्दर्न बॅले' या संस्थेने डेव्हिड निक्सन यांच्या दिग्दर्शनाखाली हीच कथा नृत्यातून मांडली.

माळाला थेट पात्राचा दर्जा दिला तो एमा राइस यांनी. २०२१ मध्ये ब्रिस्टल येथे सुरू झालेल्या त्यांच्या नाटकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतांचा समूहच 'मूर' झाला. कादंबरीत नेली डीन या सेविकेकडे असलेले निवेदन येथे माळाकडे आले. त्याआधी २००९ मध्ये ब्रिटनमधील 'तमाशा' या नाट्यसंस्थेने ही कथा राजस्थानच्या वाळवंटात नेली होती. थंड, ओल्या पठाराच्या जागी तप्त वाळू आली, तरी माणसाला न जुमानणारा निसर्ग कायम राहिला.

कवींची पायवाट

कवींचे तसे झाले नाही. त्यांना प्रत्यक्ष त्या जागीच जावे लागले. टेड ह्यूज यांचा जन्म १९३० मध्ये याच डोंगररांगेतील मिथमरॉइड गावी झाला. १९५६ मध्ये ते पत्नी सिल्व्हिया प्लाथ यांच्यासह 'टॉप विदन्स' या पडक्या शेतघरापर्यंत गेले. कादंबरीतील घराची जागा ती हीच, असा समज फार पूर्वीपासून आहे. प्लाथ यांनी १९६१ मध्ये 'वुदरिंग हाइट्स' याच नावाची कविता लिहिली. त्यात नायक-नायिका नाहीत. आहेत ते गवत, मेंढ्या, वारा आणि एकट्या माणसावर चालून येणारे क्षितिज. १९६३ मध्ये प्लाथ यांचे निधन झाले आणि जवळच्याच हेप्टनस्टॉल गावी त्यांचे दफन झाले. ह्यूज यांनी त्याच शीर्षकाची कविता १९९८ च्या 'बर्थडे लेटर्स' या संग्रहात प्रसिद्ध केली. त्यापूर्वी, १९७९ मध्ये, छायाचित्रकार फे गॉडविन यांच्यासोबत केलेल्या 'रिमेन्स ऑफ एल्मेट' या पुस्तकात त्यांनी हा सारा परिसर कवितेत आणला होता.

टॉप विदन्सच्या भिंतीवर ब्राँटे सोसायटीने १९६४ मध्ये एक फलक बसवला. ही इमारत कादंबरीतील घरासारखी कधीच नव्हती, असे तो स्पष्ट सांगतो. तरीही वाचकांची रीघ थांबलेली नाही. पायवाटेवरील काही दिशादर्शक पाट्यांवर जपानी भाषेतही मजकूर आहे.

माळाच्या भवितव्याचा प्रश्नही आता उभा राहिला आहे. लगतच्या वॉलशॉ मूरवर ६५ पवनचक्क्या उभारण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला. नंतर हा आकडा कमी करण्यात आला. स्वच्छ विजेची गरज हा समर्थकांचा मुद्दा. कार्बन साठवणारा जमिनीचा थर, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि साहित्यातून जगाला परिचित झालेला भूप्रदेश धोक्यात येईल, हा विरोधकांचा आक्षेप. नाटकाला हा माळ कोणत्याही रंगमंचावर पुन्हा उभा करता येईल. प्लाथ आणि ह्यूज यांच्या कवितांमधले रिकामे क्षितिज मात्र त्या एकाच ठिकाणी दिसते.